छाप तोडलेलं कवन

दयाराम तायडे उर्दू शिकला तो हौसेने नाही, व्हरांड्याला कंटाळून शिकला. लहानपणी मराठी शाळेत त्याला वर्गाबाहेर बसवायचे आणि व्हरांड्यातून फळा निम्माच दिसायचा. बेरजा दिसत, उत्तरं दिसत नसत. एके दिवशी त्याच्या आईचं, अन्नपूर्णाबाईचं, डोकं फिरलं. तिने पोराचं बखोट धरलं आणि त्याला रस्त्यापलीकडच्या उर्दू शाळेत नेऊन उभं केलं. मौलवींनी चष्म्यावरून पाहिलं, नाव विचारलं आणि "अंदर बैठ" एवढंच म्हणाले. त्या दोन शब्दांवर दयाराम जन्मभर उर्दूचा झाला. लोणारात लोकांनी थट्टा केली की हा आता काजी होणार, निकाह लावत फिरणार. तसा फिरला असता तर निदान सुखात तरी राहिला असता.

तो झाला मास्तर. मराठी शाळेतच नोकरी मिळाली, या खेपेला वर्गाच्या आत. पण नाद लागला होता तो जुन्या उर्दू आणि दखनी कवितेचा. मौलवींचं कपाट त्याने विशीच्या आतच वाचून संपवलं होतं आणि त्या कपाटात त्याला असं काही सापडलं होतं, जे त्याने आईला सांगितलं नाही, कुणालाच सांगितलं नाही. त्या कवितांमध्ये पुरुष पुरुषासाठी झुरत होते. कुणी मित्राच्या तिरप्या पगडीवर जीव टाकत होता, कुणी हमामखान्याच्या दारात उभं राहून एका शिपायाची वाट पाहत होता. बाया बायांसाठी झुरत होत्या. जुळ्या गराचा एक बदाम दोघींनी वाटून खायचा आणि मग जन्मभर एकमेकींच्या राहायचं, अशी रीत तिथे उघड सांगितलेली होती. कुणी लाजलेलं नव्हतं, कुणी माफी मागितलेली नव्हती.

दयारामचं मन बाईकडे कधी गेलंच नाही. हे त्याला मिसरूड फुटायच्या आधीपासून ठाऊक होतं, आणि आपल्यासारखा आपण एकटाच, असा त्याचा पक्का समज होता. त्या कपाटाने तो समज मोडला. मग तो शोधत सुटला. औरंगाबादेहून, बुऱ्हाणपुराहून, रद्दीच्या दुकानांतून जुनी पुस्तकं आणायची, मराठीत उतरवायची, कोण कुठला, कोणाच्या दरबारी, कोणावर जीव, हे जुळवत बसायचं. त्यात त्याच्या एक गोष्ट ध्यानात आली आणि तिने त्याचं पित्त खवळलं. शंभर वर्षांपूर्वीच्या कवीने ज्याला साफ साफ मित्र म्हटलं होतं, त्याला नंतरच्या संपादकाने एकतर मुलगी केलं होतं, नाहीतर देव केलं होतं. दयाराम त्यांना धोबी म्हणायचा. कवीला आपटून आपटून धुतात आणि पांढराफटक करून वाळत घालतात, असं त्याचं म्हणणं.

हे म्हणणं तो ज्या एका माणसाला ऐकवायचा तो म्हणजे उत्तमराव.

उत्तमराव अमडापूरच्या बड्या शेतकऱ्याचा मुलगा. बुलढाण्याला मास्तरकीच्या ट्रेनिंगमध्ये दोघांची गाठ पडली आणि पुढे दोघेही लोणारच्या एकाच शाळेत आले. उत्तमरावची बायको कोकिळा आणि दोन मुली अमडापुरात, वाडवडिलांच्या घरी. तो लोणारात किराणा दुकानाच्या माडीवर खोली घेऊन राहायचा. दर रविवारी दयाराम तिथे जायचा आणि दोघे कामाला बसायचे. कामाची पद्धत ठरलेली. दयाराम उर्दू ओळ वाचणार, अर्थ सांगणार, मराठी ओळ जुळवणार. उत्तमराव खाटेवर उताणा पडून बिस्किटांच्या रिकाम्या डब्यावर बोटांनी ठेका धरणार. त्याला उर्दूचं अक्षर येत नव्हतं, पण कान असा की अर्धी मात्रा कमी पडली तरी बोटं थांबायची. "लंगडली बे," एवढंच म्हणायचा. मग दयाराम शब्द फिरवायचा, बोटं पुन्हा चालू व्हायची. पुष्कळदा दयारामला अडलेला शब्द उत्तमरावच डोळे मिटून देऊन टाकायचा आणि तो असा चपखल बसायचा की दयाराम नुसता पाहत राहायचा.

दयारामचं उत्तमरावावर प्रेम होतं. दुसरा सोवळा शब्द शोधत बसायचं कारण नाही. उत्तमरावाचंही होतं. निदान त्या माडीवर होतं. तिथे एकच कप होता आणि चहा दोघे त्यातूनच प्यायचे. अमडापूरच्या घरी गेलं की दयारामचा कप निराळा, कान तुटलेला, ओसरीच्या कोनाड्यात पालथा घातलेला. दयारामने तो कप कितीदा पाहिला आणि कितीदा त्यातून मुकाट चहा प्याला. माणूस जिथे जीव लावतो तिथे असलं सगळं गिळतो. माडीवरच्या त्या खोलीत आणखी काय काय होतं, तिथे सांगणाऱ्याने डोकावू नये.

महाराष्ट्र राज्य झालं त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात दयाराम जालन्याहून पुस्तकं घेऊन परत येत होता आणि दुसरबीडला एस.टी. पंक्चर झाली. उतारू हॉटेलात जाऊन बसले. तिथे एक तरणा गडी टेबल वाजवत जुनं कवन म्हणत होता, चाल गोड, भाषा हिंदुस्थानी. कवन म्हणून झालं, लोक वाहवा म्हणाले, तेवढ्यात कोपऱ्यातल्या बाकावरून एक म्हातारा उठला. अंगाने काटकुळा, डोळ्यांत बारीक काजळ. त्याने हातातली काठी टेबलावर हाणली.

"छाप काऊन नाई घेतली बे? चोरीचा माल हाये का?"

गडी गडबडला. हॉटेलवाल्यासकट सगळे त्यालाच बोलू लागले की छाप घे, तशी रीत नाही. कलगी-तुऱ्याच्या आखाड्यात कवनाचं शेवटचं कडवं म्हणजे छाप. त्यात शाहिराचं नाव गुंफलेलं असतं. गाणारा कुणीही असो, छाप घेतल्याशिवाय त्याला खाली बसता येत नाही. छाप गाळली तर तो छापतोड्या, आणि इकडच्या मुलखात गुराढोरांच्या चोराला जेवढी इज्जत, तेवढीच छापतोड्याला. गड्याला छाप येतच नव्हती. मग म्हाताऱ्यानेच म्हटली. आवाज फाटलेला होता, पण सूर जागेवर होता.

"उंकार कहे, कचरू बिन मेरा डफ है गूँगा पड़ा रे,
तेरी मिट्टी जिस गाँव में, वहीं मेरा डेरा रे।"

दयारामची गाडी दुरुस्त झाली, निघूनही गेली. तो तिथेच बसून राहिला.

"उंकार कोण, बाबा?" त्याने विचारलं.

"माहा शाहीर."

"आन् कचरू?"

"तुह्यासमोर बसला हाये थो."

कचरू हा शाहीर उंकारच्या फडातला नाच्या. पोरवयात पायात घुंगरू बांधले ते केस पिकेपर्यंत सोडले नाहीत. उंकार कुणब्याचा, घरी बायको, जमीन, भाऊ. कचरू गावकुसाबाहेरचा. दोघे मिळून बुऱ्हाणपुरापासून जालन्यापर्यंत फिरले आणि लोकांनी काय म्हणायचं ते म्हणून घेतलं. उंकारने मात्र आपल्या एकूण एक कवनाच्या छापेत स्वतःच्या जोडीला कचरूचं नाव घातलं. छापेतलं नाव कुणी काढू शकत नाही, हे त्याला ठाऊक होतं. उंकार गेला तेव्हा भावांनी कचरूला तिरडीला हात लावू दिला नाही. डफ नेला, फेटा नेला, बिछाना जाळला.

"माह्यापाशी त्याचं काईच नाई, मास्तर," कचरू म्हणाला. "एक हे नाव हाये. त्यानं त्याच्या तोंडानं जोडलं थे."

दयारामला त्या बाकावर बसल्या बसल्या रडू आलं. इतकी वर्षं तो हे सगळं दिल्लीत, लखनौत, विजापुरात, तीनशे वर्षांपलीकडे शोधत होता. ते दुसरबीडला एस.टी. स्टँडवर काजळ घालून चहा पीत बसलं होतं.

पुढची पाच वर्षं तो सवड मिळेल तेव्हा दुसरबीडला जात राहिला. कचरू म्हणायचा, हा उतरवून घ्यायचा, रविवारी माडीवर मराठी व्हायचं. म्हाताऱ्याने पहिल्याच दिवशी अट घातली होती. "पुस्तक कर, लेका. माहं नाव त्याच्यासंग कागदावर येऊ दे. पन छाप तोडजो नको." दयारामने त्याचा हात हातात घेऊन शब्द दिला. सगळी कवनं मात्र कचरूने दिली नाहीत. निम्मी पोटात ठेवली. "हे पयले छापून आन, मंग बाकीचे," म्हणाला. म्हातारा भोळा नव्हता.

मराठी झकास उतरत होतं. पहिल्या कवनाची ओळ उत्तमरावच्या बोटांखालून निघाली ती अशी:

"दिवसभर तू साऱ्यांचा, तिन्हीसांजेला माझा रे,
घुंगरू तुझे मी सोडीन, पाय चेपीन तुझा रे."

आणि छाप:

"उंकार म्हणे, कचरूविण मुका माझा डफ रे,
माती तुझी ज्या गावी, तेच माझं घर रे."

ही छाप जमली त्या दिवशी उत्तमरावने डबा बाजूला ठेवला आणि तो उठून बसला. मग म्हणाला, "दया, आपल्याले असं कोणी लिवन का बे?" दयाराम त्या एका वाक्यावर पुढे कित्येक महिने तरंगत होता.

दरम्यान उत्तमराव मोठा होत चालला होता. शाळा सोडून तो एका शिक्षणसंस्थेचा सचिव झाला, पांढरी टोपी आली, पुढच्या निवडणुकीला जिल्हा परिषदेचं तिकीट त्यालाच, असं लोक बोलू लागले. लोणारची खोली मात्र त्याने सोडली नाही. पुस्तक छापायचं त्यानेच मनावर घेतलं. अकोल्यात एका छापखान्याशी त्याची ओळख होती. प्रुफं मीच तपासतो, प्रस्तावनाही लिहितो, तू नुसता निवांत राहा, असं तो म्हणाला. दयाराम निवांत राहिला. ज्या माणसाने आपली अर्धी मात्रा कधी पडू दिली नाही, त्याच्या हातातलं प्रुफ काय तपासायचं?

प्रकाशन लोणारातच ठरलं, शाळेच्या पटांगणात, माघाच्या उन्हात. पुस्तकांचे गठ्ठे त्याच दिवशी सकाळच्या गाडीने आले. दयारामने दोरी तोडली, वरची प्रत घेतली, वास घेतला. मुखपृष्ठावर 'शाहीर उंकार यांची कवने', खाली 'भाषांतर: दयाराम तायडे', त्याखाली 'संपादन: उत्तमराव'. सगळं ठीक होतं. त्याने पहिलं कवन उघडलं आणि छापेवर आला.

"उंकार म्हणे, प्रभुजीविण मुका माझा डफ रे,
मूर्ती तुझी ज्या गावी, तेच माझं घर रे."

त्याला वाटलं आपणच चुकीचं वाचलं. पुढचं पान उलटलं, त्याच्या पुढचं. कचरू कुठेच नव्हता. जिथे जिथे तो होता तिथे तिथे प्रभुजी बसले होते. मातीची मूर्ती झाली होती. बाकी एका शब्दाला धक्का लावलेला नव्हता आणि लावायची गरजच नव्हती. प्रभुजी आले की घुंगरू सोडणं ही पूजा झाली, पाय चेपणं ही सेवा झाली. प्रस्तावनेत लिहिलं होतं की ही कवने म्हणजे जीवाची शिवासाठी तळमळ होय.

छापखान्याची चूक म्हणावी तर एक ओळ लंगडत नव्हती. कचरूविण, प्रभुजीविण. माती, मूर्ती. मात्रेला मात्रा. हे काम करणारा कान जिल्ह्यात एकच होता, आणि ही युक्ती त्या कानाला शिकवली कुणी, तर दयारामने. धोब्यांच्या गोष्टी सांगून सांगून त्यानेच एक धोबी तयार केला होता. परक्याने दगड मारला तर माणूस ओरडतो तरी. दयारामने प्रत मिटून गठ्ठ्यावर ठेवली.

तो माडीवर गेला. उत्तमराव आरशासमोर टोपी बसवत होता.

"कचरू कुठी गेला, उत्तम?"

"बस, सांगतो."

"उभ्यानंच सांग."

"कंपोझिटरनं काईतरी घोळ..."

"कंपोझिटरले मात्रा नाई कळत."

उत्तमरावने टोपी काढून खाटेवर ठेवली. "हाव. मीच केलं. मंग? लोकं कवनातले दोघं नाई वाचून राह्यले, दया. आपल्या दोघांले वाचून राह्यले. खाली दुकानात बसून मोजतात, मास्तर रविवारी कधी वर गेला आन् कधी उतरला. मले दोन पोरी हायेत. उद्या कोणी पुस्तक उघडून माह्या तोंडावर धरलं तर?"

"मंग मले उतरवलं असतं. पायऱ्यांवरून ढकलून देला असता. म्हाताऱ्याचं नाव काऊन उतरवलं? मी शबद देला होता त्याले."

"त्याले वाचता येते का? कोण सांगते त्याले?"

"आन् माहं काय?"

उत्तमरावने त्याच्या खांद्यावर हात ठेवला, अगदी मायेने. "तू तं हायेसच की."

केसाने गळा कापणं म्हणतात ते याला. तो हात झटकून टाकावा असं दयारामला वाटलं आणि झटकवला नाही, याचाच त्याला पुढे सगळ्यांत जास्त राग येत राहिला. माझं नाव चोरलं असतं तरी परवडलं असतं, असं त्याच्या मनात आलं. चोरलं नव्हतं. खोट्या मालावर ठळक टाइपात छापलं होतं.

दुपारच्या गाडीने कचरू उतरला. धुतलेलं धोतर, डोक्याला गुलाबी फेटा, डोळ्यांत काजळ. दयाराम त्याला गाठून सांगणारच होता. रस्त्यात शब्दही जुळवले होते. पण म्हाताऱ्याने त्याला पाहिलं आणि त्याचे दोन्ही गाल हातात धरले. "आज उंकार असता तं डफ फोडून टाकता लेका खुशीनं," म्हणाला. दयारामचे शब्द तिथेच विरले. मनात म्हणाला, उत्तम म्हणतो तेही खरंच आहे, वाचून कोण दाखवणार आहे? कार्यक्रम उरकू दे, मग सांगू. माणसाला हातपाय गाळायला एवढं निमित्त पुरतं.

पटांगण भरलं होतं. पहिल्या रांगेत सतरंजीवर कचरू, त्याच्यामागे आसपासच्या गावांतले जुने शौकीन. भाषणं झाली. उत्तमराव उठला तेव्हा टाळ्या पडल्या. गळा गोड, गर्दी आपली, आणि टाळ्यांची चव लागलेली. एखादं कडवं म्हणून दाखवतो, म्हणाला आणि गायला लागला. तिन्हीसांजेच्या ओळीवर लोक डोलायला लागले. कचरूने डोळे मिटले. उत्तमराव छापेच्या अलीकडे थांबला, हात जोडले आणि खुर्चीकडे वळला. त्याचा हिशेब सरळ होता.

पण तो अमडापूरच्या बड्या घरातला, आखाड्यात कधी न बसलेला. मागून एक म्हातारा ओरडला, "छाप!" दुसरा ओरडला, तिसरा ओरडला. "छाप घ्या साहेब! अशी रीत नाई!" सगळं पटांगण छाप मागू लागलं. उत्तमरावने पुस्तकाकडे पाहिलं, टेबलापाशी हारांचं ताट घेऊन उभ्या असलेल्या दयारामकडे पाहिलं. खरी छाप त्याला पाठ होती. ती त्याच्याच बोटांखालून निघाली होती. क्षणभर दयारामला वाटलं की हा आता खरी म्हणेल. त्या क्षणभरात त्याने याला सगळं माफ करून टाकलं होतं.

"उंकार म्हणे, प्रभुजीविण मुका माझा डफ रे..."

कचरूचे डोळे उघडले. टाळ्यांचा कडकडाट चालू असतानाच तो काठी टेकत उठला आणि सरळ दयारामपुढे येऊन उभा राहिला.

"हे तू लिवलं, मास्तर?"

खरं सांगायचं तर उत्तमरावचं नाव घ्यावं लागलं असतं, आणि नाव घेतलं की 'का केलं' तेही सांगावं लागलं असतं. मंचावर उत्तमराव दोन्ही हात जोडून उभा होता, गर्दीकडे तोंड करून.

"पुस्तक माहंच हाये, बाबा."

"मंग तोडणाराबी तूच."

कचरू शालनारळ न घेता निघून गेला. आभार मानायचं काम दयारामकडे होतं. त्याने सगळ्यांचे आभार मानले, क्रमाने, कुणालाही न विसरता.

पुढच्या रविवारी तो माडीवर गेला नाही. दुसरबीडला गेला. कचरू दारातच खाटल्यावर बसला होता. "या साहेब," म्हणाला. पाच वर्षं लेका म्हणणारा माणूस साहेब म्हणतो तेव्हा काय होतं, ते ज्याचं त्यालाच कळतं. हॉटेलातून चहा मागवला. इकडचं तिकडचं बोलला. दयारामने बाकीच्या कवनांचं नुसतं नाव काढलं तर म्हणाला, "इसरलो. आता काई आठोत नाई."

"मी नाई तोडली, बाबा," दयाराम म्हणाला. "उत्तमरावनं तोडली. मले न इचारता तोडली."

"मंग तवा सांगतलं काऊन नाई? चारचौघांत?"

दयारामने चहाचा कप खाली ठेवला.

"कोण लागते थो तुहा?"

हा प्रश्न त्याला आजवर कुणी विचारला नव्हता. विचारला असता तर त्याने दहा उत्तरं दिली असती, सहकारी, दोस्त, ट्रेनिंगमधला सोबती. या माणसासमोर त्यातलं एकही तोंडातून निघेना.

"उंकार तुमचा होता," तो शेवटी म्हणाला, "तसा माहा थो."

कचरूने काठी भिंतीला टेकवली. मग त्याचा राग उतरला आणि त्याच्या जागी जे आलं ते दयारामला रागापेक्षा सोसवेना.

"अरे लेका," म्हातारा म्हणाला, "मंग तं तुहं माह्यापरीस वाईट झालं. माहा मरून गेला. पन जीव होता तवरीक त्यानं मले छापेतून काढलं नाई."

दयाराम तिथे, भर दुपारी, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर हमसून हमसून रडला. कचरूने त्याला रडू दिलं. मग डोळे पुसायला फेट्याचा शेव दिला आणि म्हणाला की उरलेली कवनं ऐकवतो, पण लिहायचं नाही. "तू भला हायेस. पन तुह्या हातचं कागद दुसऱ्याच्या हातात जाते." दयारामने पेन खिशाला लावलं. म्हाताऱ्याने संध्याकाळच्या गाडीपर्यंत कवनं म्हटली, प्रत्येक छापेसकट. ज्या कामासाठी दयारामने आयुष्य वेचलं, ते समोर मोकळं होऊन वाहत होतं आणि तो हात बांधून ऐकत होता. घरी येऊनही त्याने एक ओळ उतरवली नाही. मोह झाला नसेल असं नाही. पण या सगळ्या प्रकरणात कुणीतरी एकाने तरी शब्द पाळायला हवा होता.

पुढच्या थंडीत कचरू गेला. त्याआधीच उत्तमराव निवडून आला होता आणि खोली सोडून अमडापूरला राहायला गेला होता. रस्त्यात भेटला की गाडी थांबवायचा, तब्येत विचारायचा. दयाराम चांगली आहे म्हणायचा. उर्दूची पुस्तकं त्याने मौलवींच्या शाळेत देऊन टाकली. भाषांतराला पुन्हा हात लावला नाही. शाळेत फळा मात्र तो भिंतीवरून काढून पार दाराजवळ आणून लावायचा, आणि का ते कुणाला सांगायचा नाही.

पुस्तक खपलं. दोन शब्द बदललेलं ते कवन भजनी मंडळांनी उचललं. एके सकाळी देवळावरच्या भोंग्यातून ते आलं, टाळांच्या गजरात, आणि छाप दोनदा घोळवून घेतली. अन्नपूर्णाबाई अंगणात ज्वारी निवडत होती. देवाबिवाचं तिने कधीच सोडून दिलं होतं, पण चाल गोड होती. सुपातला हात थांबवून तिने सगळं ऐकलं.

"किती जीव ओतला हाये रे बाप्पा," ती म्हणाली. "कोनं लिवलं असंन हे?"

दयाराम दाराशी चपला घालत होता.

"उत्तमनं," तो म्हणाला आणि शाळेत गेला.